आठवा लागायच्या आत

एसीचा खोका आमच्या हॉलमध्ये एकोणीस दिवस उभा होता. एवढे दिवस पाहुण्यालासुद्धा कोणी ठेवून घेत नाही. येणारा-जाणारा विचारायचा, "काय काकू, एसी घेतला वाटतं?" मी सांगायचे, "नाही, खोका घेतलाय. गार हवा कधी येणार ते कंपनीला माहीत."

हौस म्हणून एसी घेणाऱ्यातली मी नाही. आमची वैदेही, एकुलती एक लेक, पुण्याहून बाळंतपणाला येणार होती. दोन वर्षांपूर्वी पाचव्या महिन्यात तिचं पोटातलं बाळ गेलं. त्यानंतर ती इकडे आलीच नाही. फोनवर बोलायची, पण बँकेतल्या बाईशी बोलावं तसं. आणि आता तीच स्वतःहून म्हणाली, "आई, मला तुझ्याकडे यायचंय." फोन ठेवल्यावर मी स्वयंपाकघरात जाऊन रडले, हे मी आमच्या घरात अजून कोणाला सांगितलेलं नाही.

अडचण फक्त एक. डॉक्टरांनी तिला उकाड्यापासून जपायला सांगितलं होतं, आणि आमचा फ्लॅट औरंगाबादेत पडेगावला, तिसऱ्या मजल्यावर, डोक्यावर थेट गच्ची. तिची खोली पश्चिमेची. एप्रिलमध्ये दुपारी चारला त्या भिंतीला हात लावला तर हात मागे घ्यावा लागतो. कूलर लावावा तर त्याला रोज चार बादल्या पाणी, आणि आमच्या नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं. ते कूलरला पाजायचं की माणसांना? तिकडे पुण्यात सासरी दोन-दोन एसी. सासूबाई बाळंतपण करायला एका पायावर तयार. बाई चांगल्या आहेत, तेच माझं दुखणं. वाईट असत्या तर भांडता तरी आलं असतं.

आमच्यात लेक माहेरी येते ती सातव्यात. आठव्यात तिला हलवत नाहीत आणि नवव्यात डॉक्टर हलू देत नाहीत. म्हणजे सातवा गेला की लेक गेली. मी शाळेत तीस वर्षं गणित शिकवलं. दिवस मोजायला मला पंचांग लागत नाही, तरी मी बघते. एसी घरात आला त्या दिवशी आठवा लागायला सतरा दिवस होते. सतरा दिवसांत भिंतीवर एक डबा बसत नाही, असं कोणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

कंपनीच्या नंबरवर फोन केला की एक गोड आवाजाची बाई सांगायची, आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. इतका महत्त्वाचा की चौथ्या दिवशी माणूस उगवला. गोकुळ त्याचं नाव, पस्तिशीचा असेल, हर्सूलहून आला होता. आला, खोली पाहिली, भिंत ठोकली, आणि विचारलं, "मावशी, पॉइंट कुठंय?"

"हा काय इथे."

"हा पंख्याचा झाला. एसीला सोळा अँपिअरचा लागतो, मेनपासून वेगळी वायर वढून. ते आमचं काम नाय. वायरमन बघा, मंग फोन करा." पाणी पिऊन तो गेला.

माझे यजमान सदाशिवराव जिल्हा परिषदेतून निवृत्त झाले. कोणतंही काम एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जायला वेळ लागतो, हे त्यांना जन्मजात मान्य आहे. ते म्हणाले, "होईल गं." मी म्हटलं, "होईल म्हणजे कधी? नातू शाळेत जायला लागल्यावर?" मग मीच कोपऱ्यावरच्या दुकानातून वायरमन पकडून आणला आणि तो निसटू नये म्हणून काम संपेपर्यंत दारात खुर्ची टाकून बसले. सहावा दिवस.

सातव्या दिवशी सोसायटीचे चेअरमन विश्वजीत वर आले. यांची दौलताबादकडे शेती, नोकरी एमआयडीसीत, आणि उरलेला वेळ आम्हाला शिस्त लावण्यात जातो. म्हणाले, "काकू, एसीचा बाहेरचा डबा समोरच्या भिंतीला लावायचा नाय. बिल्डिंगचा शो जातो."

"या बिल्डिंगला शो आहे? पोपडे पडलेत सगळे!"

"ते पण यंदा काढायचेत. मीटिंगमध्ये ठराव झालाय."

मी आवाज चढवला. त्यांनीही चढवला. शेवटी सदाशिवरावांनीच मधे येऊन सांगितलं की वैदेही येणार आहे, सातवा चालू आहे. विश्वजीत यांचा आवाज एकदम खाली आला. "ताई येणार व्हय? मंग आधी सांगायचं ना, काकू. लावा गच्चीवर. मी सांगतो वॉचमनला कुलूप काढायला." म्हणजे जे काम एका वाक्यात होणार होतं त्यासाठी मी अर्धा तास घसा फोडला. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात, त्यातली निम्मी मीच ओढवून घेते की काय, असं मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं. पण वाटलं आणि मी ते झटकून टाकलं.

आठव्या दिवशी सकाळी अकराला गोकुळ आला. या वेळी सगळं सामान घेऊन. गच्चीवर डबा ठेवायची जागा पाहून आला, खोलीत शिडी लावली, भिंतीवर पेन्सिलने गोल काढला आणि भोक पाडायचं मशीन हातात घेतलं. सातवा संपायला अजून नऊ दिवस होते. मी वैदेहीला कळवायला फोन उचलला, तोच भिंतीवरच्या कॅलेंडरकडे लक्ष गेलं. काळा गोळा. चैत्री अमावस्या.

"थांब," मी म्हटलं.

"काय झालं?"

"आज अमावस्या आहे. आज भिंतीला भोक नाही पाडायचं."

गोकुळ शिडीवरून माझ्याकडे बघतच राहिला. "मावशी, भोकाला कशाचा मुहूर्त? सकाळधरनं एक पाडून आलो मी."

"त्यांच्याकडे पोटुशी बाई येणार नसेल. आमच्याकडे येणार आहे. ती झोपणार त्या खोलीची भिंत मी अमावस्येला फोडू देणार नाही. उद्या ये."

तो खाली उतरला. चिडला नाही, समजावून सांगायला लागला. "उद्याचं नाय सांगता येत. तीन दिसावर अक्षय तृतीया हाय. त्या दिवशी अख्खं औरंगाबाद एसी उचलतं. एकदा ती लाईन लागली की कंपनी आम्हाला श्वास घेऊ देत नाय. आज माणूस घरात हाय, सामान घरात हाय. लावून घ्या."

सदाशिवराव म्हणाले, "कालिंदी, दारात आलेला माणूस परत पाठवू नये."

"तुम्ही मधे पडू नका," मी म्हटलं. "मागच्या वेळचं विसरलात का?"

या एका वाक्यावर आमच्या घरात सगळेच गप्प होतात, आणि मला ते माहीत आहे. गोकुळने सामान आवरलं. जाताना म्हणाला, "बघा बरं का मावशी. मंग गोकुळ आला नाय म्हणू नका."

खरं सांगते, मी काही आंधळी श्रद्धाळू नाही. वर्गात पोरांना मीच सांगायचे की योगायोग आणि कारण यांत फरक असतो. पण त्या सकाळी मला भीती वाटली. आणि मला भीती दाखवता येत नाही, माझी भीती रागाच्या तोंडाने बाहेर पडते.

त्यानंतर दहा दिवस गोकुळ फिरकला नाही.

सुरुवातीला फोन उचलायचा. "आज कांचनवाडीला हाय मावशी, चार बसवायचेत." "आज वाळूजला." मग उचलेनासा झाला. कंपनीची गोड बाई म्हणायची की आपली तक्रार नोंदवली आहे. मी म्हटलं, तक्रार नका नोंदवू, माणूस पाठवा. ती म्हणाली, अजून काही मदत हवी आहे का? अजून! बाहेर बेचाळीस डिग्री, गच्चीवरच्या टाकीतून चहाला चालेल इतकं गरम पाणी येत होतं, आणि हॉलमध्ये तो खोका. मी त्याच्यावर वर्तमानपत्रं ठेवायला लागले. दुसरा माणूस शोधावा तर कंपनी म्हणे, बाहेरच्याने हात लावला तर वॉरंटी गेली. सदाशिवराव एक शब्द बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरं झालं असतं.

वैदेही रोज विचारायची, "झालं का गं?" मी रोज सांगायचे, "होतंय." अमावस्येचं मी तिला सांगितलं नाही. कंपनीला शिव्या घातल्या, गोकुळला घातल्या, चेअरमनलाही घातल्या. सतरावा दिवस आला आणि गेला. आठवा लागला. त्या दिवशी मी जेवले नाही. पित्त झालंय, असं सांगितलं.

एकोणिसाव्या दिवशी बेल वाजली. दारात गोकुळ. डोळे लाल, शर्ट घामाच्या मिठाने पांढरा पडलेला. "घ्या मावशी, आलो. आज काय नाय ना?"

"काही नाही," मी म्हटलं. "लाव."

दोन तासांत सगळं झालं. वीस मिनिटं भोक, बाकी पाइप आणि जोडण्या. एवढ्याशा कामासाठी मी एकोणीस दिवस सगळ्या जगाशी भांडत होते. खोली गार झाली. गोकुळने भिंतीला हात लावून दाखवला, "बघा, कशी थंडगार झाली." वरातीमागून आलेलं घोडं! मी त्याला सरबत दिलं, तो गेला, आणि मी त्या गार खोलीत पलंगावर बसून राहिले. वैदेहीसाठी घातलेली नवी चादर काढून ठेवावी, असा विचार करत होते.

तेवढ्यात फोन वाजला. वैदेही. "बाबांनी फोटो पाठवला! रविवारी मिहिर मला सोडायला येतोय. सकाळी निघतो."

मिहिर आमचा जावई. मी म्हटलं, "नको. आठवा लागलाय. आठव्यात हलवत नाहीत."

"डॉक्टरांना विचारलंय आई. चालतं म्हणाले. पुढच्या महिन्यात मात्र नाही."

"डॉक्टरांचं सोड. मी सांगते ना. तू तिकडेच राहा. चूक माझी आहे. अमावस्या होती म्हणून मी त्या माणसाला परत पाठवलं, नाहीतर सातव्यातच झालं असतं सगळं. पण आता आठव्यात नको. मागच्या वेळी..."

"मागच्या वेळी काय, आई?"

हे वाक्य मी तिच्यासमोर कधी म्हटलं नव्हतं.

"मागच्या वेळी मी सगळं पाळलं होतं," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता तिचा. "ग्रहणात एका जागी बसून राहिले. तू पाठवलेला दोरा बांधला. तू नको म्हणालीस ते खाल्लं नाही. आणि ते गेल्यावर मी वर्षभर आठवत बसायचे की यातलं नेमकं काय चुकलं. कुठल्या दिवशी चुकलं. इकडे का येत नव्हते मी? तू विचारशील म्हणून. अमावस्येला काही केलं होतंस का, म्हणून विचारशील."

दारात सदाशिवराव उभे होते. त्यांना फोनमधलं ऐकू येत नसणार, पण माझ्या तोंडाकडे बघून ते आत आले आणि शेजारी बसले.

मी विचारलंच असतं. दोन वर्षं मनात तोच प्रश्न घेऊन बसले होते मी. ती आली नाही म्हणून विचारायचा राहिला, इतकंच.

"आई? आहेस ना?"

"आहे," मी म्हटलं. "रविवारी ये. ऊन व्हायच्या आत पोहोचा."

"आठवा आहे हं," ती म्हणाली.

"माहीत आहे मला," मी म्हटलं. "मी काही विचारणार नाही. तू ये."