श्रीमंत नेमका कुठून सुरू होतो

अरे थांबा, आधी मला सगळं सांगू द्या, मग काय हसायचं ते हसा! तुम्ही झ्युरिचवाले मत पाकिटात घालता, पोस्टात टाकता, संपलं. कोणी काय केलं कोणाला कळत नाही. आमच्या डोंगरातल्या छोट्या कँटनमध्ये, म्हणजे राज्यात, तसं नाही. मे महिन्यातल्या एका रविवारी आम्ही सगळे चौकात उभे राहतो, पाचेक हजार माणसं, आणि हात वर करतो. शेजाऱ्याला तुमचा हात दिसतो, सासूला दिसतो, मालकाला दिसतो. आणि सोळा वर्षांच्या वरचं कोणीही मंचावर चढून म्हणू शकतं, हा कायदा असा नको, तसा करा.

तर ह्या वर्षीचा एक कायदा माझा होता. माझा! मागच्या वर्षी मीच लिहून दिलेला. कारण आमच्या वरच्या खोऱ्यातली संध्याकाळची बस डिसेंबरपासून बंद होतेय. मग शेवटची पाच वाजून दहाला, आणि आमची सुतारशाळा सुटते साडेपाचला. म्हणजे मी रोज अकरा किलोमीटर चढ चालत जायचं, किंवा शिकणं सोडायचं. बाबाला म्हटलं, मला खाली गावात खोली घेऊन दे. तर म्हणाला, "महिन्याला सातशे फ्रँक? मिरी, आपण काय श्रीमंत माणसं आहोत का?"

म्हणून मी लिहिलं, ज्यांच्याकडे दहा लाख फ्रँकच्या वर आहे त्यांनी थोडा जास्तीचा कर द्यावा, आणि त्यातून खोऱ्यांमधल्या बस चालवाव्यात. बास. चार ओळी. ते सभेच्या पुस्तिकेत छापून घरोघरी गेलं. बाबानं वाचलं, म्हणाला, "छान लिहिलंयस," आणि गाईंकडे गेला. मला वाटलं, झालं, बाबा आपल्या बाजूनं!

रविवारी सगळ्यात आधी चढले आमचे दातांचे डॉक्टर, श्ट्राइफ. "मी स्वतःसाठी बोलत नाहीये," म्हणे, "पण दहा लाख म्हणजे आजकाल एक घर. वीस लाख करा." अख्ख्या चौकात कुजबुज, अच्छा, म्हणजे डॉक्टरकडे दहाच्या वर आहेत तर! कळलं ना? आमच्याकडे कोणी कोणाला पगारसुद्धा विचारत नाही, आणि इथे जो आकडा वाढवायला चढतो तो आपली तिजोरीच उघडून दाखवतो. मग लाकूड गिरणीच्या मालकीणबाई चढल्या. "मी स्वतःसाठी बोलत नाहीये, पण धंद्यातला पैसा काही हातात नसतो. तीस लाख." माझ्या शेजारी बसचे ड्रायव्हर फ्रिडलीकाका उभे होते. ते म्हणाले, "घाबरू नकोस गं पोरी, तीसवरही बस चालेल तुझी."

आणि मग माणसांतून वाट काढत कोण जातंय? रविवारचा कोट, पाठीला ठिगळ. बाबा!

मी म्हटलं, हा आता त्यांना झापणार. माझ्यासाठी बोलणार. खरंच वाटलं मला तसं!

बाबा माइकसमोर उभा राहिला, घसा खाकरला. "मी स्वतःसाठीच बोलतोय," म्हणाला. "माझी दोन कुरणं चार वर्षांपूर्वी सरकारी नकाशात घरं बांधायच्या भागात गेली, भाव वाढले. कागदावर माझ्याकडे पस्तीस लाख आहेत. आणि गोठ्याचं छप्पर गळतंय. मी जर श्रीमंत असेन, तर तुम्ही येऊन बादली लावा. पन्नास लाख करा."

अरे, काय हशा, काय टाळ्या! आणि मी तिथे उभी, तोंड उघडं. पस्तीस लाख? आमच्याकडे? मी भावाचे बूट घालते रे! काय विचारलंस, बीट? नाही, त्यानं आधी कधीच सांगितलं नव्हतं, घरात आईलाही माहीत होतं की नाही देव जाणे.

अर्थखात्याच्या बाई उठून शांतपणे म्हणाल्या की पन्नास लाखांच्या वर कँटनमध्ये नऊच कुटुंबं आहेत आणि त्यांच्या करात एकाही खोऱ्याची बस चालणार नाही. ऐकलं का कोणी? सभापतींनी विचारलं, पन्नासच्या बाजूनं कोण? आणि नुसते हात! हात, हात, हात. मोजायचीसुद्धा गरज पडली नाही. ज्यांच्याकडे साधी सायकल नाही त्यांचेही हात. फ्रिडलीकाकांचाही!

"काका, बस तुमची जातेय! नोकरी तुमची!"

"अगं, छप्पर गळतंय ना त्याचं," काका म्हणाले, हात तसाच वर.

मग पन्नासचा कायदा एकमतानं मंजूर. अभिनंदन करत होते लोक माझं! माझा हात हातात घेऊन! "एवढीशी पोर आणि कायदा केला!"

दुपारी खाणावळीत बसलो, नेहमीसारखे. वासराचं पांढरं सॉसेज, बटाट्याचा लगदा, शिजवलेले आलुबुखार. बाबा मजेत जेवत होता. येणारा जाणारा त्याच्या पाठीवर थाप मारत होता.

मी म्हटलं, "बाबा, आता बस नाही. मला खोली घेऊन दे."

"सातशे फ्रँक, मिरी."

"पस्तीस लाख आहेत तुझ्याकडे!"

त्यानं पटकन काटा खाली ठेवला, इकडेतिकडे बघितलं आणि माझ्याकडे झुकून म्हणाला, "हळू बोल. लोक ऐकतील."