जवळ्याची राखण

नीराबाईचा पाय मोडला तो ऐन हंगामात. मुरुडच्या धक्क्यावर होडीतून टोपली उतरवून घेताना शेवाळलेल्या पायरीवरून ती घसरली आणि घोट्याचं हाड मोडलं. डॉक्टरांनी गुडघ्यापर्यंत प्लास्टर घातलं आणि सहा आठवडे हा पाय जमिनीला लावायचा नाही म्हणून बजावलं.

"सहा आठवडे?" नीराबाई म्हणाली. "आनि माजा जवला कोन बघील?"

कोळीवाड्याच्या टोकाला, वाळूच्या कडेला तिचं सुकवणीचं आवार होतं. जमिनीवर जुनी जाळी अंथरून त्यावर बारीक कोळंबीसारखा जवळा पसरायचा आणि दोन-तीन कडक उन्हं द्यायची. ऊन बरोबर मिळालं तर जवळा गुलाबी राहतो. वरून काही झाकलं तर तो घामेजतो आणि काळा पडतो, म्हणून उघडाच ठेवावा लागतो. उघडा ठेवला की कावळे येतात. गेली तीस वर्षं नीराबाई हातात काठी घेऊन त्या आवारात फेऱ्या मारत आली होती.

मुलगा प्रीतम मासेमारीच्या बोटीवर होता. एकदा गेला की आठ-दहा दिवस समुद्रात. म्हणजे राखणीला राहिली एकटी सून, रुचिता.

रुचिता तळा तालुक्यातल्या भातशेती करणाऱ्या घरातली. लग्नाला वर्ष झालं होतं. सासू-सुनेचं भांडण कधी झालं नव्हतं, पण बोलणंही कामापुरतंच होतं. बोंबील साफ करताना रुचिता नाक मुरडत नसे, पण श्वास धरून बसते हे नीराबाईला दिसायचं. ती काही बोलायची नाही. मनात मात्र म्हणायची, पोरगी चांगली हाय, पन आपली न्हाय.

प्लास्टर घातल्यावर नीराबाई आवाराच्या कडेला, ताडपत्रीच्या सावलीत खुर्चीवर बसून ओरडायला लागली आणि रुचिता धावायला लागली. डाव्या कोपऱ्यातले कावळे उडवले की उजव्या कोपऱ्यात उतरत. चार दिवसांत एकीचा घसा बसला आणि दुसरीचे पाय भरून आले.

पाचव्या दिवशी आभाळ भरलं, म्हणून जवळा घातलाच नाही. दुपारी नीराबाई पलंगावर पडली होती. आतल्या खोलीतून घुर्रर घुर्रर असा बारीक आवाज यायला लागला. थांबायचा, परत यायचा. शेवटी न राहवून ती वॉकर धरून, एका पायावर उड्या मारत दारापर्यंत गेली.

रुचिता जमिनीवर मांडी घालून बसली होती. समोर पत्र्याची पेटी उघडी, तिच्यात प्लास्टिकचे रंगीबेरंगी ठोकळे, चाकं, दांडे. आणि फरशीवरून एक हातभर लांबीची लाल एसटी पलंगाच्या पायाला वळसा घालून येत होती. रुचिताच्या हातात रिमोट होता.

सासूला बघून ती ताडकन उठली. एसटी भिंतीला धडकली.

"ही खेलनी कोनाची गो?"

"माझी आहेत, आई." रुचिताचे कान लाल झाले.

मग तिने सगळं सांगितलं. लग्नाआधी ती पनवेलला एका खेळण्यांच्या दुकानात कामाला होती. तिथे मुलांना ठोकळ्यांची गाडी करायला, तिला मोटर लावायला शिकवायचे. शिकवणाऱ्या बाई सोडून गेल्या आणि रुचितालाच शिकवायला उभं केलं. रात्री पुस्तिका वाचून ती सकाळी शिकवायची. प्रीतम भाचीला घेऊन तिथेच आला होता, तिथलीच ओळख. दुकान बंद झालं तेव्हा सुटे तुकडे, परत आलेले खोके, जुन्या मोटरी, सगळं तिने घरी आणलं होतं.

"एवढी मोठी बाई ठोकळे खेळते म्हटल्यावर लोक हसतील, म्हणून काढत नव्हते," ती म्हणाली.

नीराबाईने हात पुढे केला. "दे इकडं."

रिमोटला दोन खटके होते. एकाने गाडी मागे-पुढे जायची, दुसऱ्याने वळायची. पहिल्यांदा नीराबाईने एसटी पलंगाखाली घातली, दुसऱ्यांदा चपलांच्या ढिगात. तिसऱ्यांदा ती दारातून बाहेर काढली, ओटीवर फिरवली आणि मागे घेऊन बरोबर पेटीपाशी आणून लावली.

"सदाला एसटी चालवताना मी बघितलाय," ती म्हणाली. सदा तिचा भाऊ, रिटायर झालेला ड्रायव्हर. "त्याच्यापरीस माजा हात बरा हाय."

मग तिने गाडी परत एकदा दारापर्यंत नेली आणि एकदम म्हणाली, "रुचिते, ही कावल्यांच्या अंगावर जाईल काय गो?"

त्या संध्याकाळी दोघी जेवण उरकून कामाला लागल्या. एसटीचे तुकडे सुटे केले. रुचिताने मोठी चाकं घेतली, मोटरला छोटा गिअर लावला आणि चाकाच्या दांड्याला मोठा.

"असं केलं की वेग कमी होतो, पण जोर वाढतो," ती म्हणाली.

"बोटीच्या इंजनाला पन तसाच असतो," नीराबाई म्हणाली. तिला ते पटायला वेळ लागला नाही. वर काठी उभी करून तिला चकचकीत पट्ट्या बांधल्या आणि सकाळी गाडी आवारात नेली.

शेजारची काशी आपली मांदेली सुकायला पसरत होती. काशी आणि नीराबाई लहानपणापासूनच्या मैत्रिणी, म्हणजे एकमेकींची फजिती बघायला दोघी नेहमी हजर. काशी हातातली टोपली ठेवून बघायला आली.

नीराबाईने खटका दाबला. गाडी हलली नाही. परत दाबला. नाही. रुचिता जवळ जाऊन बॅटऱ्या बघून आली. दिवा लागत होता, सगळं ठीक होतं. घरात तर सुरळीत चालत होती. पाच मिनिटांत तीन कावळे उतरले. त्यातला एक गाडीच्या बाजूलाच बसून जवळा टिपायला लागला.

"नीरे," काशी हसत म्हणाली, "तुजी सून कावल्यांना खेलनी देते काय गो?"

हसत हसत ती गाडीवर वाकली. नीराबाईने खटका दाबूनच धरला होता, आणि त्याच क्षणी गाडी झटक्यात सुटली. सरळ काशीच्या पायावर. काशी "अगो आयव!" करून मागे उडाली आणि आपल्याच टोपलीत बसली. गाडी चार हात पुढे गेली, जाळ्यात चाक गुंतलं आणि आडवी झाली.

आता हसायची पाळी नीराबाईची होती. पण रुचिता हसली नाही. तिने गाडी उचलली, चाकात अडकलेला जवळा सोडवला आणि घरात जाऊन तुकडे पेटीत टाकायला लागली. नीराबाई वॉकर घेऊन मागोमाग आली.

"काय करतंस?"

"उगाच केलं, आई. सगळ्यांसमोर तुमचं हसं झालं."

"काशीला हसाया काय लागतं? ती माज्या प्लास्टरला पन हसली." नीराबाई पलंगावर टेकली. "ते सोड. मना सांग, गाडी घरात ऐकते आनि उन्हात बहिरी होते. काशी वाकली तवा तिची सावली पडली आनि गाडीनं ऐकलंन. तू बघितलास काय?"

रुचिताचा हात पेटीतच थांबला. तिने बघितलं नव्हतं.

तिने गाडीच्या वरचा काळा तुकडा काढून सासूच्या हातात दिला. "हा हिचा डोळा आहे, आई. टीव्हीच्या रिमोटसारखाच. रिमोटमधून न दिसणारा उजेड येतो, तो याला दिसतो. उन्हात इतका उजेड असतो की आपला उजेड याला कळतच नाही." मग कपाळावर हात मारून म्हणाली, "दुकान मॉलमध्ये होतं. मी ही गाडी कधी उन्हात चालवलीच नव्हती."

काळ्या ठोकळ्यांची टोपी करून तिने त्या डोळ्यावर बसवली. दुपारी परत आवारात नेऊन बघितलं. थोडा फरक पडला, पण चार पावलांच्या पुढे गेली की गाडी परत बहिरी. शिवाय चाकं जवळा तुडवत होती ते वेगळंच.

नीराबाई खुर्चीत बसून विचार करत होती. समोर दोन बांबूंना बांधलेल्या दोरीवर प्रीतमची लुंगी वाळत होती.

"डोला आभालाकडं कशाला ठेवलास गो?" ती म्हणाली. "खाली कर ना. गाडी उलटी टांग."

रुचिताने लुंगीकडे, मग दोरीकडे बघितलं. मग घरात धावली.

पुढचे दोन दिवस घरात दुसरं काही झालं नाही. रुचिताने चाकांचे रबर काढले, तशी मधे खाच असलेली नुसती चाकं उरली. दोन चाकं दोरीवर बसतील, एक खालून दाबून धरेल. खाली लटकेल बॅटरीचा डबा आणि डब्याच्या पोटाला, त्याच्याच सावलीत, तो डोळा. नीराबाई खालून खटका दाबणार, डोळा खाली बघणार. ऊन मधे यायला जागाच नव्हती.

पण दोरीवर चाकं नुसती घसरत होती. रुचिताने रबरबँड लावून बघितले, चाकं बदलून बघितली. नीराबाईने दोरी बोटांत धरली आणि तोंड वाकडं केलं.

"ही नायलॉनची नवीन हाय, गुलगुलीत. हिला कोन पकडील?"

तिने पडवीतून जुनी, खरखरीत दोरी मागवली. मग बसल्या बसल्या गाठ घालून, रुचिताला "अजून खेच, अजून" असं सांगत ती अशी ताणून बांधून घेतली की टिचकी मारली तर वाजेल. गाडी दोरीवर बसवली. खटका दाबला. गाडी कुरकुरली आणि चालायला लागली, या बांबूपासून त्या बांबूपर्यंत, बारा हात. खालच्या जवळ्याला तिचा स्पर्शही झाला नाही.

काशी कुंपणापाशी उभी राहून बघत होती. ती घरात गेली आणि एक मोडकी काळी छत्री घेऊन आली.

"हिची फडकी फाडून बांधा खाली," ती म्हणाली. "कावल्यांना आपलाच कोन मेला असा वाटंल."

तिचं म्हणणं खरं ठरलं. काळी फडकी फडफडवत गाडी निघाली, तसा एकच कालवा झाला आणि सगळे कावळे माडांवर जाऊन बसले. नीराबाईने गाडी मागे आणली, पुढे नेली, परत मागे आणली. कोळीवाड्यातल्या पाच-सहा बायका काम टाकून बघायला जमल्या. प्रत्येकीला एकदा खटका दाबायचा होता.

तीन दिवस एकही कावळा फिरकला नाही. चौथ्या दिवशी एक आला, बांबूवर बसला आणि मान वाकडी करून गाडीचं येणं-जाणं बघत राहिला. मग गाडी जवळ आली तसा अलगद उडी मारून तो बॅटरीच्या डब्यावर बसला. नीराबाईने गाडी पुढे नेली, कावळाही गेला. मागे आणली, मागे आला. एका टोकाला पोचल्यावर तो खाली उतरला, चोचभर जवळा उचलला आणि परतीच्या फेरीला परत वर चढला.

नीराबाई इतकी हसली की खुर्ची कलंडायची वेळ आली. रुचिता तिला धरायला धावली आणि तीही हसायला लागली. दोघींना थांबवेना. गेल्या वर्षभरात त्या घरात असं हसणं झालं नव्हतं.

"मेल्याला फुकटची एसटी मिलाली," नीराबाई डोळे पुसत म्हणाली. मग गंभीर झाली. "चूक आपलीच हाय. आपन एकसारखी फिरवतो. त्याला कलून गेलं ती कवा येनार."

त्या दिवसापासून तिने पद्धत बदलली. गाडी एका बाजूला गप उभी ठेवायची. कावळ्याला येऊ द्यायचं, बसू द्यायचं, चोच खाली घालू द्यायची. आणि मग एकदम खटका. कधी लगेच, कधी मिनिटभराने. कधी अर्ध्यावर नेऊन मागे, कधी मागे नेऊन दुप्पट पुढे. गळ टाकून बसलेल्या माणसासारखी ती श्वास रोखून बसायची. आता तिला आवार सोडवेना. जेवायचं ताटही ती तिथेच मागवायची आणि डाव्या हातात रिमोट धरून उजव्या हाताने जेवायची.

रुचिताला मोकळा वेळ मिळायला लागला. त्या वेळात ती काशीकडून मांदेली साफ करायला शिकली. श्वास न धरता.

सहा आठवड्यांनी प्लास्टर काढायला दोघी दवाखान्यात गेल्या. डॉक्टर म्हणाले, "हाड छान जुळलंय. पाय खरंच टेकला नाहीत वाटतं. असे पेशंट मिळत नाहीत."

"माजी सून इंजनेर हाय," नीराबाई म्हणाली.

"आई, मी इंजिनिअर नाही."

"गप बस गो. डाक्टरला काय कलतंय?"

डॉक्टरांनी रोज थोडं चालायला सांगितलं. नीराबाईने मान हलवली आणि घरी येऊन परत खुर्चीत बसली. शेवटी रुचिताने रिमोट लपवला, तेव्हा कुठे ती काशीच्या दारापर्यंत जाऊन आली.

पुढच्या आठवड्यात प्रीतमची बोट लागली. दहा दिवस समुद्रात काढून तो संध्याकाळी भुकेला घरी आला. दारात बूट काढले, हाक मारली. कोणी आलं नाही. चुलीवर काही नव्हतं. आतल्या खोलीत दिवा होता. त्याची आई बऱ्या पायाची मांडी घालून आणि दुसरा पाय लांब करून जमिनीवर बसली होती. समोर निळ्या ठोकळ्यांची हातभर बोट अर्धवट उभी. रुचिता पलंगाखाली डोकं घालून काहीतरी शोधत होती. तिचे नुसते पायच दिसत होते.

"आई, जेवायला काय आहे?"

"थांब रे." नीराबाईने वर बघितलंही नाही. "जालं वढायचं मशीन बसवतेय. त्याचा बारका गिअर पडलाय कुठं तरी. पाय नको टाकू तिथं!"

प्रीतम एका पायावर तसाच उभा राहिला.

"पलंगाखाली नाही, आई," रुचिताचा आवाज आला.

"मग याच्या पायाखाली बघ," नीराबाई म्हणाली. "आनि तू रे, उभा काय राहिलास? बस खाली. पिवले तुकडे येगले कर."

प्रीतम बसला. थोड्या वेळाने त्याने पिवळ्यांचा ढीग वेगळा केला, मग लालांचा. ते झाल्यावर बोटीकडे बघून तो म्हणाला, "नांगर राहिलाय की हिचा."

"तो तू कर," रुचिता म्हणाली आणि पेटी त्याच्याकडे सरकवली.