इंदोऱ्याच्या गल्लीमधी

चमकी उतरवायला खोबरेल तेलच लागतं.

धरमपेठ हा नागपूरचा चांगला भाग समजतात.

ऑफिसातल्या आयुषच्या व्हिडिओ कॉलमध्ये मागच्या भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो दिसला. त्यानंतर लंचला जाताना त्याला कुणी हाक मारेना. पुढे प्रोजेक्टही बदललं.

बेंजोला टाइपरायटरसारखी बटणं असतात.

टेक्सासात उन्हाळ्याच्या दुपारी सावलीसुद्धा भाजते.

हे सगळं उपासनाच्या डोक्यात एकदमच गरगरू लागलं, कारण पहिल्याच टेबलावर शंतनू बसला होता. तिचा टीम लीड. शेजारी त्याची बायको रुचा.

"अगं, तू?" तो तिथूनच ओरडला. "ऑफिसात तोंडातून शब्द फुटत नाही, आणि इथे आकाशकंदील होऊन उभी!"

उपासना हसली. डोळ्यांभोवती निळी चमकी, खांद्यावर टिकल्यांचं जाकीट, पायात वीतभर टाचांचे रुपेरी बूट. एरवी त्यांचा बँड अंधाऱ्या बारमध्ये वाजवायचा. तिथे चमकीमागचं माणूस कुणाला दिसत नाही. आज मात्र अर्विंगमधल्या एका ब्रुअरीच्या मागच्या अंगणात, भर उन्हात कार्यक्रम होता.

नोकरीच्या पहिल्या आठवड्यात शंतनूने विचारलं होतं, "नागपुरात कुठे?" प्रश्न साधाच. पण तो का विचारतात, हे तिला शाळेपासून ठाऊक होतं. ती म्हणाली होती, धरमपेठ. इंदोरा म्हटलं की जात कळते. तिच्या ग्रीन कार्डचे कागद त्याच्या शिफारशीवर पुढे सरकणार होते.

ती वायरी जोडायला वाकली तसा देव जवळ आला. हा ड्रमर, इथेच जन्मलेला. मराठी त्याला अर्धीमुर्धी समजायची.

"ताई, सरप्राइज आहे. एंडला तुझ्या बाबांचा व्हॉइस टाकलाय. लूप."

"कुठला व्हॉइस?"

"तू दिलेल्या त्या कॅसेटमधला. द लास्ट पार्ट. तिथे त्यांचा आवाज फाटतो ना, सो गुड यार!"

उपासनाच्या हातातली वायर तशीच राहिली.

बाबांचं हे गाणं बँड वर्षभर वाजवत होता. बाबांचाच बेंजो. त्याची किणकिण ती पायाखालच्या इफेक्ट पेडलमधून अशी पिळून काढायची की वाटावं, पत्र्याच्या छपरावरून कुणी आरशाचे तुकडे घरंगळत सोडतंय. पण शेवटचं कडवं ती कधीच गायली नव्हती. शेवटच्या कडव्यात नाव असतं, रचणाऱ्याचं आणि त्याच्या वस्तीचं. भीमगीतं गाणाऱ्या गायन पार्ट्यांचा तो रिवाजच. दुसऱ्या पार्टीने नाव गाळून गाणं म्हटलं, की बाबा थेट स्टेजवर चढायचे आणि माइक हातात घेऊन म्हणायचे, "गाणं माहं हाय. नाव घ्या, न्हाई तं खाली उतरा."

"देव, काढ ते."

"आता? ऑल सेट आहे गं!"

"चला रे," बेसवाली रीमा म्हणाली. "आपलं नाव पुकारलं."

पहिली गाणी कशी गेली, उपासनाला कळलंच नाही. घामाने चमकी डोळ्यांत उतरत होती. शंतनूने फोन उभा धरून रेकॉर्डिंग चालवलं होतं. बाबांचं गाणं सुरू झालं. रीमाचा बेस जमिनीतून वर चढला, बेंजो त्याच्याभोवती घिरट्या घालू लागला. उपासनाने उजवा बूट पेडलवर तोलून धरला. ते दाबलं की देवचं लूप बंद.

आणि स्पीकरमधून बाबा गाऊ लागले.

*इंदोऱ्याच्या गल्लीमधी—*

तिथेच देवने आवाज कापला होता.

*गल्लीमधी. गल्लीमधी. गल्लीमधी—*

नाव येतच नव्हतं. बाबा त्या गल्लीच्या तोंडाशी पुन्हा पुन्हा येत होते आणि पुन्हा पुन्हा मागे ओढले जात होते. लोक नाचायला उठले.

"कडक!" शंतनू ओरडला. "कुठून उचललंय गं हे?"

उचललंय. म्हणजे त्याला काहीच कळलं नव्हतं. कुठल्याशा जुन्या कॅसेटवरचा कुणीतरी गाणारा, एवढंच. तिने नुसतं खांदे उडवले असते तरी भागलं असतं. सोमवारी ती धरमपेठचीच राहिली असती.

*गल्लीमधी. गल्लीमधी.*

तिने पेडल दाबलं.

आवाज तुटला. देव दचकून थांबला, मागोमाग रीमाही. नाचणारे तसेच अर्धवट उभे राहिले. कुठेतरी ग्लास ठेवल्याचा आवाज आला.

उपासना माइकपाशी गेली. हाताखाली फक्त बेंजो होता.

*इंदोऱ्याच्या गल्लीमधी जगन्नाथ राहतो,*
*भीमरायाच्या उजेडात नाव आपलं पाहतो.*

"उचललेलं नाही," ती माइकमध्येच म्हणाली. "जगन्नाथ माझे बाबा. इंदोरा आमचं घर."

रुचाने टाळी वाजवायला हात उचलले, शंतनूकडे पाहिलं, आणि हात मांडीवर ठेवले. शंतनूने फोन खाली केला. मग टेबलावर पालथा घातला.

"ताई," देव मागून कुजबुजला, "एंड करू?"

"नाही. पुन्हा. पहिल्यापासून."

देवने काठ्यांवर ठेका दिला.

कॅसेट भरताना बाबांनी शेवटचं कडवं दोनदा गायलं होतं, कारण पहिल्या वेळी मध्येच लाइट गेली होती.