पाहुण्यांना दिलेलं उत्तर

टाकीच्या तळाशी हात पोचेना, तेव्हा आईने अर्धं अंग आत घालून कोपरा न् कोपरा घासून काढला. दुपारी पलीकडच्या गावच्या डेअरीवाले टाकी न्यायला येणार होते. दुसऱ्याकडे जाणारी वस्तू मळकट कशी द्यायची?

दूध गार ठेवणारी ही टाकी परदेशातल्या एका संस्थेने बायकांच्या गटाला दिली होती. दूध शहरात नेणारी गाडीही त्यांच्याच मदतीवर धावायची. दुधाचे पैसे बायकांच्या हातात पडू लागले, तसा घराघरांतून त्यांचा आवाज वाढला. काहींच्या पोटात दुखलं, पण पैशापुढे कुणाचं चालतंय! आईची थोरली पोरगी गटाच्या शेडमध्येच दूध तपासायची. तिच्या लग्नाचा विषय निघाला की आई म्हणायची, पोरगी कमावती आहे, घाई कसली? बाप विषय सोडून द्यायचा.

मग संस्थेच्या मोठ्या बाई भेटीला आल्या. निघताना त्यांनी दुभाष्याकरवी आईला विचारलं, उद्या आम्ही नसलो तर तुमचं कसं होईल? आता दारात आलेल्या पाहुण्यापुढे रडगाणं गाणारी का ती? निघालेल्या माणसाच्या जिवाला घोर लावू नये, हे तिच्या अंगात मुरलेलं.

“आमचं उत्तम चाललंय,” आई म्हणाली. “तुम्ही अजिबात काळजी करू नका.”

बायकांनी टाळ्या वाजवल्या. पाहुण्या बाईंचे डोळे भरून आले, आणि त्यांनी ते अक्षरशः खरं मानलं. गट स्वतःच्या पायावर उभा आहे, आता मदत दुसऱ्या गावांना, असं कळवण्यात आलं. गाडी थांबली, दूध नासू लागलं, गट मोडला. आता दूध डेअरीत घालायचं आणि खातं घरच्या पुरुषाच्या नावावर. कुणी आईला बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं, तिचं मन तिला नुसतं खात होतं. बापाने मागच्या आठवड्यात पोरीच्या स्थळाला होकार कळवला, तेव्हा पोरगी कमावती आहे, असं म्हणायची सोय उरली नव्हती.

डेअरीवाले आले. टाकी कशी लावायची, कशी धुवायची, ते पोरीने नीट समजावलं. ती बोलत होती आणि ते बापाकडे बघून माना हलवत होते.

टेम्पो गेल्यावर मायलेकी रिकाम्या शेडच्या पायरीवर बसल्या.

“त्या घरी गाई आहेत ना?” पोरीने विचारलं.

“आहेत. गोठा भरलेला आहे.”

“मग दुधाचं कोण बघतं?”

खोटं बोलायची हिंमत आता आईत नव्हती.

“तुझे सासरे.”

पोरीने मान डोलावली. अंगातला कामाचा पांढरा कोट काढून, घडी घालून तिने आईच्या मांडीवर ठेवला.

“फडकी होतील याची,” ती म्हणाली. “कापड चांगलं आहे.”