माझ्या पोटातले तीन फोन

मी एक जुना टोप आहे. निळ्या इनॅमलचा, दोन कानांचा आणि बुडाला तळहाताएवढा काळा डाग असलेला. मित्रांनो, तो डाग बघून नाक मुरडू नका. त्याचीच तर गोष्ट सांगायची आहे!

त्रायांकाबाईंच्या लग्नात त्यांच्या मावशीनं मला आहेर म्हणून दिलं. तेव्हापासून स्त्रुमित्सा शहराजवळच्या त्यांच्या अंगणात दर सप्टेंबरला मी चुलीवर चढायचो. ढोबळ्या लाल मिरच्या भाजायच्या, सोलायच्या, वाटायच्या आणि माझ्यात घालून घट्ट होईपर्यंत ढवळत राहायच्या. त्याला आयवार म्हणतात. हात थांबला की संपलं! म्हणून एकानं ढवळायचं, बाकीच्यांनी भोवती बसून गप्पा मारायच्या आणि हात दुखला की पाळी बदलायची. कुणाचं लग्न जमलं, कुणाचं फिसकटलं, सगळं मला त्या वाफेतच कळायचं. तीस वर्षं मी काही बुडाला लागू दिलं नाही. शेजारणी म्हणायच्या, "टोप असावा तर त्रायांकाचा!" आणि मी खूश व्हायचो.

मग घरात फोन आले. मुलगा इल्को स्कोप्येहून यायचा, मुलगी वेसेला बितोलाहून. तिघं एकत्र असण्याचा वर्षातला हाच एक दिवस, आणि तिघांच्याही माना खाली! टुंग झालं की मिरची अर्धवट सोललेली तशीच राहायची. एकदा तर वेसेलानं समोर बसलेल्या भावाला फोनवर लिहून विचारलं, "मीठ कुठंय?" मीठ तिच्याच मांडीशी होतं.

पण मला जाळलं ते पोरांनी नव्हे हं. जाळलं खुद्द त्रायांकाबाईंनी! ढवळायची पाळी त्यांची होती. त्यांनी माझा फोटो काढून गावातल्या बायकांच्या ग्रुपवर टाकला. टुंग, एक बदाम आला. टुंग, दुसरा. "अगं बाई, त्या खडूस दानीत्सानंसुद्धा बदाम दिला!" म्हणत त्या एका बोटानं उत्तर लिहायला बसल्या.

"आई, काहीतरी करपतंय!" इल्को ओरडला.

"शेजाऱ्यांचं असेल रे," त्या मान वर न करता म्हणाल्या.

सगळा आयवार कडू झाला. पोरं रिकाम्या हातांनी परत गेली आणि बाई फाटकाशी डोळे पुसत उभ्या राहिल्या. मिरच्यांचं काय, पुन्हा मिळतात. तो दिवस हातचा गेला, याचं त्यांना वाईट वाटलं. माझी रवानगी कोंबड्यांच्या खुराड्यात झाली, पाणी ठेवायला. एक लंगडी कोंबडी रोज माझ्या कानावर बसायची. फार अपमान वाटायचा हो!

पुढच्या सप्टेंबरात चुलीवर नवा टोप चढला. मला मात्र घासूनपुसून टेबलावर ठेवलं. पोरं फाटकातून आत आली तोच बाई म्हणाल्या, "टाका ह्यात."

"काय?"

"फोन. माझा आधी. जाळलं मीच होतं ना!"

"आई, ऑफिसातून काही आलं तर?"

"रविवारी? कळू दे त्यांना, साहेब मिरच्या सोलतायत."

झाकण बसलं. माझ्या पोटात नुसती गुरगुर! वेसेलाचा हात दोनदा झाकणाकडे आला, दोनदा लाकडी डावाचा फटका बसला. हळूहळू हात मिरच्यांत रमले. मग वेसेला म्हणाली, "दादा, माझी नोकरी गेली होती."

इल्कोचा ढवळणारा हात थांबणारच होता. "ढवळ, ढवळ!" आई ओरडली.

"मला सांगितलं का नाहीस गं?"

"लिहिलं होतं की. तू अंगठा पाठवलास."

इल्कोचा चेहरा पडला. "चुकलो गं वेसे," तो ढवळता ढवळता म्हणाला. "आता सांग. सगळं सांग." आणि तिनं सांगितलं. नवीन काम, नवा साहेब, त्याचा केसांचा टोप घसरतो ते, आणि साहेबाची नक्कल करताना तिघं इतकी हसली की कोंबड्या पळाल्या.

संध्याकाळी साठ बरण्या भरल्या. गोड, लालभडक! मग झाकण उघडलं. इल्कोच्या फोनवर ब्याण्णव निरोप आले होते. सगळ्यात खालचा, सकाळचा, त्रायांकाबाईंचाच होता : "पोरांनो, निघालात का? वाट बघतेय."

इल्कोनं तो वाचला आणि आईकडे पाहिलं. "आई, आलोय गं."

"दिसतंय मला," त्या डोळे पुसत हसल्या.

मित्रांनो, तुमच्याही घरी एखादा करपलेला टोप असेल. त्याला फेकू नका, झाकण मात्र शोधून ठेवा. इल्कोनं उत्तर लिहिलंच नाही. फोन परत माझ्या पोटात ठेवला, झाकण लावलं आणि आईशेजारी जाऊन बसला.