मेहुण्याची फेरी

उभं राहून चालवायच्या दोनचाकी स्कूटरवरून पाहुण्यांना शहर दाखवायचं काम तो सहा वर्षं करत होता. पुढे झुकलं की गाडी निघते, मागे रेललं की थांबते, हे त्यानं कितीजणांना शिकवलं त्याची गणती नव्हती. बायकोच्या धाकट्या भावालाही त्यानंच शिकवलं आणि मालकिणीकडे शब्द टाकून कामालाही लावलं. तिथंच आपण माती खाल्ली, असं आता त्याला वाटायचं.

चार महिन्यांत मेहुण्यानं असा जम बसवला की लोक फोनवर विचारायचे, "ते हसवणारे गाइड मिळतील का?" मेहुणा त्याला भावोजी म्हणायचा, म्हणून अख्खं ऑफिस त्याला भावोजी म्हणू लागलं. सहा वर्षांचं 'सर' आठवड्यात गेलं. घरी बायकोचंही जेवताना भावाचंच पुराण.

त्या रविवारी मालकिणीनं दोघांना एकाच फेरीवर पाठवलं. मेहुणा पुढे, मध्ये आठ पाहुणे आणि मागे रेंगाळणाऱ्यांना सांभाळायला तो.

फेरीच्या वाटेवरची वाचनालयामागची गल्ली खोदून ठेवली होती. सकाळी येताना त्यानं पाहिलं होतं. निघताना ते ओठावर आलं, पण मेहुण्यानं काहीतरी विनोद केला, सगळे हसले आणि त्यानं शब्द गिळला.

घड्याळाच्या मनोऱ्यापाशी मेहुणा थांबला. आपल्या फेरीत तो स्वतः इथे नेहमी मनोऱ्याची उंची आणि बांधल्याचं साल सांगायचा. मेहुणा म्हणाला, "या घड्याळाला चावी द्यायला एक माणूस एकतीस वर्षं रोज एवढ्या पायऱ्या चढला. एकदा तापानं फणफणला होता, तर बायकोच्या खांद्यावर हात टाकून चढला. म्हणाला, माझ्या तापापायी गावाला उशीर नको."

ही त्याच्या वडिलांची गोष्ट होती. त्यानं ती घरी एकदा सहज सांगितली होती.

"आणि त्या माणसाचा मुलगा," मेहुणा पुढे म्हणाला, "तो आपल्या मागे उभा आहे."

आठही जण वळले. एका म्हाताऱ्या बाईंनी तर हात जोडले. त्याला बरं वाटायला हवं होतं. पण सहा वर्षं तो या मनोऱ्याखाली उभा राहिला होता आणि ही गोष्ट सांगायचं त्याला कधी सुचलं नव्हतं. तेच जास्त झोंबलं. गल्ली आता दोन वळणांवर होती. तो गप्पच राहिला.

वाचनालयाच्या कोपऱ्यावर मेहुणा वळला आणि खडी घसरल्याचा आवाज आला. पाहुणे जागच्या जागी थांबले. तो स्कूटरवरून उतरून धावला. मेहुणा चरात एका गुडघ्यावर बसला होता, मनगट छातीशी धरून.

"भावोजी, तुम्ही याच वाटेनं येता ना रोज?"

"हो."

"मग हे दिसलं नाही?"

"दिसलं होतं," तो म्हणाला. "सांगितलं नाही."

मेहुणा दुसऱ्या हाताचा आधार घेऊन उठला. मग म्हणाला, "तुम्ही पुढे व्हा. मी रिक्षा करून दवाखान्यात जातो. या लोकांची फेरी अर्धी राहायला नको."

संध्याकाळी बायको भावाच्या प्लास्टरखाली उशी सरकवत होती. "अरे, पण पडलास कसा तू?"

"माझंच लक्ष नव्हतं, ताई."

तो समोरच बसला होता. एवढा मोठेपणाही यालाच कसा जमतो, याचाच त्याला राग आला. निदान हे तरी याला मिळू द्यायचं नाही, असं वाटून त्यानं बायकोला सगळं खरं सांगून टाकलं.

बायको चार दिवस त्याच्याशी बोलली नाही. मेहुणा दुसऱ्याच दिवशी नेहमीसारखा बोलला आणि त्याला तेच जड गेलं.