तपासनिसाचे ट्रफल

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता आईच्या पोटात नळी बसणार होती, आणि आदल्या दुपारी तिने बाबांना स्वयंपाकघरात धाडलं. लग्नाला एकोणचाळीस वर्षं झाली, पण त्या माणसाने तिथे इकडची काडी तिकडे केली नव्हती.

वर्षभर आईच्या गळ्याचे स्नायू एकेक करून काम सोडत होते. घास पोटात जायच्याऐवजी फुप्फुसात उतरायचा. दोनदा न्यूमोनिया झाला, दुसऱ्यांदा तर आम्ही आशाच सोडली होती. नळी बसली की तोंडाने काही द्यायचं नाही, पाण्याचा घोटसुद्धा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. नळीसाठी त्या संध्याकाळी सातपासून उपास सुरू होणार होता. म्हणजे सातच्या आत ती जे खाईल, ते तिच्या आयुष्यातलं शेवटचं खाणं.

काय खावंसं वाटतंय, असं मी विचारलं, तेव्हा तिने फोन माझ्यासमोर धरला. बिस्किटांचे ट्रफल. बिस्किटं कुटायची, क्रीम चीजमध्ये मळायची, गोळे करायचे, वितळलेल्या चॉकलेटात बुडवायचे. ना भट्टी, ना शेगडी.

"हे," ती म्हणाली. आता ती तोलूनमापून बोलायची, एका दमात तीन-चार शब्द. "यांनी करायचं. तू हात लावू नकोस."

मला राग आला. मी लोकांना गाडी चालवायला शिकवते. शिकाऊ माणूस भलतीकडे निघाला तर माझ्या पायाशी दुसरा ब्रेक असतो. इथे माझ्या पायाशी काहीच नव्हतं, आणि घड्याळ पुढे पळत होतं. तासाभरात मी करून दिलं असतं. पण आईने एकदा म्हटलं की म्हटलं.

बाबा चौतीस वर्षं बिस्किटांच्या कारखान्यात तपासनीस होते. पट्ट्याच्या कडेला उभं राहायचं आणि तुटकं, करपलेलं, वाकडं बिस्कीट उचलून टाकायचं. डोळ्यांत तेल घालून काम करायचे, म्हणून तिथे त्यांना सगळे 'भिंग' म्हणत. निवृत्त झाल्यावर ते भिंग घरात आलं आणि आमच्या भाजीवर, कपड्यांवर, माझ्या नवऱ्यावर फिरू लागलं.

दोन वाजता त्यांनी बिस्किटांचे चार पुडे फोडले आणि ओट्यावर रांगा लावल्या.

"हे काय चाललंय?"

"तुटकी वेगळी काढतोय. अख्खी कशाला फोडायची?"

चार पुड्यांत पाच तुटकी निघाली. "आमच्याच कंपनीची आहेत," ते म्हणाले, आणि तशाही दिवशी त्यांच्या आवाजात अभिमान होता. मी कपाळाला हात लावला. सगळी बिस्किटं एका जाड पिशवीत ओतली आणि त्यांच्या हातात लाटणं दिलं. पहिला घाव त्यांनी दुसरीकडे बघत घातला.

मग वजनकाटा आला. प्रत्येक गोळा बारा ग्रॅम. तेरा झाला की चिमूटभर काढायचं, अकरा झाला की चिमूटभर लावायचं. अठरा गोळे फ्रीजमध्ये जायला साडेतीन वाजले. मी दारात उभी राहून नुसती नखं खात होते. आतल्या खोलीतून आईने दोनदा विचारलं, "कुठवर आलं?" मी दोन्ही वेळा "होतच आलंय" असं खोटं सांगितलं.

चॉकलेट त्यांनी विजेच्या किटलीतल्या गरम पाण्यावर वाडगं ठेवून वितळवलं. काट्याच्या टोकावर एकेक गोळा बुडवून कागदावर ठेवला. खरं सांगते, दिसायला फार सुरेख झाले होते. पावणेपाचला ते पक्के झाले आणि मी बशी घेऊन पुढे झाले, तर बाबांनी सुरी काढली.

"थांब. सहातला एक फोडून बघायचा. नियम आहे."

पहिला चिरला, ठीक. दुसरा चिरला, ठीक. तिसऱ्यात हरभऱ्याएवढा एक बिस्किटाचा तुकडा निघाला, न कुटलेला. बाबांनी तो बोटांवर घेऊन उजेडात धरला. मग अख्खं ताट माझ्यापासून दूर सरकवलं.

"लॉट थांबवला," ते म्हणाले.

माझा तोल गेला. "बाबा, हे बाजारात पाठवायचंय का? आत ती वाट बघतेय. आयुष्यभर तिच्या हातचं आयतं खाल्लंत, आज एक घास द्यायची वेळ आली तर तुम्ही नियम काढून बसलात."

त्यांनी तो तुकडा माझ्या तळहातावर ठेवला. "कण सुटता कामा नये, असं त्या गळ्याच्या व्यायामवाल्या बाई सांगून गेल्या ना? हा घशात अडकला असता तर? तू फोडून बघितलं असतंस?"

मी बघितलं नसतं. मी सरळ बशी आत नेली असती.

त्यांनी उरलेल्या सगळ्या गोळ्यांवरचं चॉकलेट खरवडलं, आतला मऊ भाग बारीक चाळणीतून बोटांनी दाबून काढला आणि पुन्हा मळला. मला हात लावायची मनाई होती, म्हणून चाळणी धरायचीही सोय नव्हती. ते घामाघूम झाले होते. या वेळी वजनकाटा बाहेर आला नाही. छोटे छोटे नऊ गोळे, फ्रीजर, पुन्हा चॉकलेट. साडेसहा झाले. नवातला एक फोडला, स्वच्छ. दुसरा फोडला, स्वच्छ. तिसऱ्यावर सुरी ठेवली, तेव्हा मी त्यांचं मनगट धरलं.

"पुरे. वीस मिनिटं उरलीत."

"मला कळत नाहीये," ते म्हणाले. "मी तिथे कधी काही पास केलंच नाही. वाईट ते काढायचो. उरलेलं आपोआप पुढे जायचं. हे बरोबर आहे, दे तिला, असं मी कुणाला कधी म्हटलेलंच नाही. काही झालं तर ते माझ्या हाताने होईल."

बाबांना घाबरलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. आई दवाखान्यात होती तेव्हाही ते बिलांवरच्या चुका शोधत बसले होते, आणि मी त्यांना दगड म्हटलं होतं. त्याची मला त्या क्षणी लाज वाटली.

"मग माझ्या हाताने होऊ दे," मी म्हटलं.

"नको," ते म्हणाले, आणि बशी उचलून आत गेले.

आईला आम्ही टेकवून बसवलं. बाबांनी चमच्याच्या टोकावर वाटाण्याएवढा तुकडा घेतला आणि तिच्या जिभेवर ठेवला. बाईंनी शिकवल्याप्रमाणे तिने हनुवटी छातीकडे नेली. आम्ही दोघं तिच्या गळ्याकडे बघत होतो. गळा हलला. थांबला. पुन्हा हलला. खोकला आला नाही.

"अजून," ती म्हणाली.

असे तिने चार तुकडे खाल्ले. प्रत्येक वेळी बाबा तिच्याबरोबर आवंढा गिळत होते. सातला पाच मिनिटं असताना तिने तोंड मिटलं आणि बशी त्यांच्याकडे ढकलली.

"आता तुम्ही."

"मी कशाला?"

"खा."

त्यांनी अख्खा एक तोंडात टाकला.

"कसं झालंय?"

बाबांनी विचार करून सांगितलं, "गोड जरा जास्त आहे. पण खाण्यासारखं आहे."

"केलंत ना," ती म्हणाली. मग दम घेतला. "माझ्यामागं... उपाशी राहायचं नाही. शेगडीला... तुम्ही हात लावणार नाही. मला माहितेय." तिने फोनकडे बोट केलं. "असे तेवीस पदार्थ काढून ठेवलेत. सगळे शेगडी न पेटवता होणारे. ही पोरगी आठवड्यातून एकदा येणार. बाकीचे सहा दिवस... तुमचे तुम्ही."

बाबांनी फोन घेतला, चष्मा वर सरकवला आणि पहिलं पान अगदी डोळ्यांजवळ नेऊन वाचायला लागले. पण वाचत नव्हते, डोळे पुसत होते. मग बशी घेऊन उठून गेले.

मी आईची उशी सारखी केली, ओठ ओल्या कापसाने पुसले. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. माझ्या आईला गोड आवडत नाही. वाढदिवसाचा केक ती कायम माझ्या ताटात सरकवायची. दुपारभर मी बाबांवर करवादत होते, आणि ही साधी गोष्ट मला दिसली नव्हती.

"आई, तुला खरं काय खायचं होतं?"

तिने घड्याळाकडे पाहिलं. सात वाजून गेले होते.

"सूप," ती म्हणाली. "दाट, गरम. भरपूर मिरी घातलेलं." थोडा वेळ थांबून तिने वाक्य पुरं केलं. "पण ते यांना शेगडीवर करावं लागलं असतं."

स्वयंपाकघरात नळ चालू होता. बाबा बशी धूत होते.